पयला ह्याला इका!

मँचेस्टर युनायटेडचे मालक कोण, या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर सोपं आहे. २००५ पासून अमेरिकेतलं ग्लेझर कुटुंब आणि २०२४ पासून चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त घेऊन बसलेले सर जिम रॅटक्लिफ. पण सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. युनायटेडची वहिवाट कोल्हापुरातल्या एका पेठेत, चहाच्या गाडीला लागून असलेल्या कट्ट्यावर आहे. तिथे रोज सकाळी आठ ते साडेनऊ जे गृहस्थ बसतात, त्यांना अख्खी गल्ली 'मालक' म्हणते.

असा मालक प्रत्येक पेठेत एखादा तरी सापडतो. कुठे तो लिव्हरपूलचा असतो, कुठे आर्सेनलचा, कुठे बार्सिलोनाचा. जर्सीचा रंग बदलतो, प्रकृती तीच. आमचे मालक युनायटेडचे झाले ते १९९९ च्या मे महिन्यात. बायर्न म्युनिकविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये युनायटेडने भरपाईच्या वेळेत दोन गोल मारून कप उचलला. ती रात्र मालकांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिली आणि पहाटे घरी येताना ते बिनपैशाचे भागीदार होऊन आले. तेव्हापासून क्लबच्या भल्याचा विचार करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आहे. भलं म्हणजे काय, तर कुणाला तरी विकणं.

एरवी कोल्हापूरकराला फुटबॉलसाठी मँचेस्टरकडे बघायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने चालू असेपर्यंत मालकांना इंग्लंडची फारशी आठवणही होत नाही. पण पावसाच्या तोंडावर इथला हंगाम आवरतो, आणि नेमकी त्याच सुमाराला युरोपात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडते. जून-जुलैत तिकडेही लीगच्या सामन्यांना सुट्टी असते. म्हणजे बघायला खेळ नाही आणि बोलायला वेळच वेळ. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर फुटबॉलला खरा रंग याच दिवसांत चढतो.

बैठकीची सुरुवात ठरलेली. मालक चहाचा पहिला घोट घेतात, मोबाईलवर फॅब्रिझिओ रोमानो नावाच्या इटालियन पत्रकाराची ताजी बातमी वाचतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट उजव्या हाताने धरून म्हणतात, "पयला ह्याला इका."

मग मधलं बोट. "ह्येला बी इका. पगार बघिटलाय का त्येचा?"

दुसरा चहा येईपर्यंत दोन्ही हातांची बोटं संपतात आणि मैदानात फक्त गोलकीपर उरतो. त्याचं नाव निघालं की मालक थोडे थांबतात, पण ते दयेपोटी नव्हे. गोलकीपर विकायचा की फुकट द्यायचा, एवढाच विचार चाललेला असतो.

"मालक, मग शनिवारी खेळणार कोन?" एखादं नवखं पोरगं विचारतं.

"त्ये म्यानेजर बघंल की! त्येला बी इकायचाच हाय, पर त्यो नंतर."

गंमत अशी, की विकणं हाच मालकांचा खरा धंदा आहे. हायवेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड आहे आणि शेडपुढे दहा-बारा जुन्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. त्या धंद्यात मालकांचा हात धरणारा माणूस नाही. धूर सोडणाऱ्या, चेन खडखडणाऱ्या गाडीच्या टाकीवरून फडकं फिरवत ते गिऱ्हाइकाला सांगतात, "डाक्टरची गाडी हाय. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. पावसात कवा भायेर काढल्याली न्हाई." गाडीचा एक दोष त्यांच्या तोंडून निघणार नाही. जीभ कापली तरी नाही.

आणि हाच माणूस युनायटेडचा खेळाडू विकायला काढतो तेव्हा काय बोलतो? "पळता येत न्हाई, पास देता येत न्हाई, डोस्कं तर न्हाईच न्हाई. सहा कोटी पौंडाच्या खाली सोडू नका."

मी एकदा न राहवून विचारलं, "मालक, तुम्ही घ्याल का हो असला माल?"

"मी कशाला घ्यू?" मालक गरजले. "अरबांनी घ्यावा की! लय पैसा हाय त्यांच्याकडं."

सौदी अरेबियाच्या लीगने गेल्या काही वर्षांत असे पैसे खरोखर मोजले आणि जगभरच्या मालकांची सवय बिघडवून ठेवली. आपल्याला नको असलेला प्रत्येक खेळाडू वाळवंटात कुणाला तरी हवाच असणार, अशी त्यांची श्रद्धा झाली आहे.

या श्रद्धेला रोज सुरुंग लावायला कट्ट्यावर एक पोरगा येतो. तो सीएची आर्टिकलशिप करतो आणि त्यामुळे फुटबॉलकडे चेंडूच्या बाजूने न बघता ताळेबंदाच्या बाजूने बघतो. त्याचा मुद्दा मात्र बिनतोड असतो. तो म्हणतो, खेळाडू आठ कोटी पौंडांना घेतला आणि सहा वर्षांचा करार केला, तर ती रक्कम वह्यांमध्ये दर वर्षी थोडी थोडी खर्ची पडते. चार वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत पावणेतीन कोटींच्याही आत येते. त्याहून कमी भावाला विकला, की हिशेबात तोटा. उलट क्लबच्या अकादमीत वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य. त्याला विकून येईल ती सगळी रक्कम नफा. प्रीमियर लीगने तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा चालणार नाही असा नियम करून ठेवला होता, त्यामुळे क्लबांना घरचीच पोरं आधी बाजारात आणायचा मोह व्हायचा.

हे सगळं मालक शांतपणे ऐकून घेतात. मग म्हणतात, "एवढं कळतंय तर परीक्षा का सुटंना तुजी?"

यापुढे ताळेबंद चालत नाही.

पण युनायटेडची खरेदी-विक्री हा विषय असा आहे, की त्यापुढे मालकांमधला धंदेवाईक माणूसही कधीकधी हतबल होतो. पॉल पोग्बाचंच घ्या. २०१२ मध्ये करार संपला म्हणून तो जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये त्यालाच ८ कोटी ९० लाख पौंड देऊन, तेव्हाचा जागतिक विक्रम करून, परत आणला. २०२२ मध्ये करार पुन्हा संपला आणि गडी पुन्हा फुकटात युव्हेंटसला. मालकांच्या तीस वर्षांच्या धंद्यात एकच गाडी एकाच गिऱ्हाइकाला दोनदा फुकट देण्याचा प्रसंग आलेला नाही. "माज्याकडं बसवा त्यांचा खरेदीवाला म्हैनाभर," ते म्हणतात. "पगार बी देतो."

जेडन सँचोची कथा त्याच्याही पुढची. ७ कोटी ३० लाख पौंडांना २०२१ मध्ये घेतलेला हा खेळाडू चेल्सीने उसनवारीवर नेला. हंगाम संपल्यावर विकत घ्यायचं ठरलं होतं. चेल्सीने वर्षभर खेळवून बघितला आणि विकत न घेण्याबद्दल ५० लाख पौंड दंड भरून परत पाठवला. ही बातमी वाचून मालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टेस्ट राईडला न्हेल्याली गाडी परत आणून दिली, आन वर पेट्रोलचं पैसं बी दिलं." त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले नाहीत, पण ते कधीच देत नाहीत.

मालकांच्या कपाटात सात नंबरच्या जर्सींचा गठ्ठा आहे. २०१४ मध्ये डी मारिया आला म्हणून त्याच्या नावाची छापून घेतली, तो वर्षभरात पॅरिसला गेला. मग डिपायची घेतली, मग सांचेझची. ते दोघेही टिकले नाहीत. डी मारियाची जर्सी मालक अजून सकाळी दुकान झाडताना घालतात. धुऊन धुऊन तिच्यावरचं 'डी' केव्हाच निघून पडलं. आता पन्नाशीकडे झुकलेला, मिशा राखणारा हा पुरुष पाठीवर नुसतं 'मारिया' लिहून मोटारसायकली पुसत असतो. गिऱ्हाइकं बिचकतात, पण विचारत नाहीत.

विकणाऱ्यांच्या या गावात न विकणारा पक्ष म्हणजे तात्या. तात्या स्वतः उमेदीत शाहू स्टेडियमवर खेळलेले, त्यामुळे ते कमी बोलतात. त्यांचं म्हणणं एकच: घरचं पोरगं विकायचं नाही. पेठेतल्या तालमीच्या संघालाही ते हाच कायदा लावतात. केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस आले, की कोण कुठल्या संघात गेला याच्या बातम्या पेठांमधून फिरतात, आणि गल्लीत लहानाचा मोठा झालेला एखादा गडी दुसऱ्या पेठेच्या संघात गेला, तर तात्या हंगामभर त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालून जातात. त्या पोराला बघायला नको म्हणून.

इथे मालकही तात्यांच्या बाजूला असतात, हे मुद्दाम सांगायला हवं. मँचेस्टरचे पंचवीसच्या पंचवीस फुंकून टाकणारा हा माणूस आपल्या तालमीच्या राखीव बॅकलासुद्धा हात लावू देत नाही. त्या बॅकला डावा पाय नाही, उजव्याचीही खात्री नाही. पण "त्याच्या बारशाचं जेवलोय मी," म्हणतात. हजारो मैलांवरच्या माणसाचं बारसं आपण जेवलेलो नसतो, म्हणून त्याला विकणं सोपं जातं.

तात्यांच्या या तत्त्वावर सगळ्यात मोठी लढाई झाली ती स्कॉट मॅकटॉमिनेवरून. अगदी लहानपणापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला हा उंच गडी. मालकांनी त्याला सलग तीन उन्हाळे विकला. "चेंडू आला की लपतंय त्ये," हा आरोप. तात्या म्हणत राहिले, "असू दे. घरचा हाय." ऑगस्ट २०२४ मध्ये क्लबने मालकांचं ऐकलं. अडीच कोटी पौंडांच्या आसपास नापोलीला विकला. सीएचं पोरगं खूश, कारण सगळा नफाच. मालकांनी कट्ट्यावर भजी वाटली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण मला ते सांगण्यात आनंद आहे म्हणून सांगतो. २१ मे २०२५ ला बिल्बाओत युनायटेड युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १–० हरलं. लीगमध्ये त्यांचा नंबर आला पंधरावा. दोनच दिवसांनी नापोलीने कालियारीला २–० हरवून इटलीची लीग जिंकली. पहिला गोल मॅकटॉमिनेचा, दुसरा लुकाकूचा, म्हणजे दोन्ही गोल युनायटेडने विकलेल्या मालाचे. आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर मॅकटॉमिने.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कट्ट्यावर वेळेआधी हजर. मालक आले, बसले, चष्मा कपाळावर चढवला.

"मी बोंबलून सांगत हुतो," ते म्हणाले, "त्येला इकू नका म्हनून."

तात्यांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. मालकांनी चहावाल्याला साखर कमी का, म्हणून झापलं.

विकलेला गडी दुसरीकडे जाऊन चमकणं, हे मालक लोकांचं पहिलं दुःख. दुसरं त्याहून अवघड: विकायला काढलेला गडी जातच नाही आणि इथेच राहून चमकतो. त्या दुःखाचं नाव हॅरी मॅग्वायर.

मॅग्वायर २०१९ मध्ये ८ कोटी पौंडांना आला. बचावपटूसाठी जगात एवढे पैसे कुणी मोजले नव्हते. २०२० पासून मालक त्याला दर उन्हाळ्यात आणि दर जानेवारीत विकत आले. त्याच्या डोक्याच्या आकारावर त्यांनी केलेले विनोद इथे छापता येणार नाहीत. २०२३ मध्ये त्याचं कप्तानपद गेलं, वेस्ट हॅमने तीन कोटी द्यायची तयारी दाखवली, सीएच्या पोराने पुस्तकी किंमत काढून "द्या, द्या" म्हटलं, मालकांनी पेढ्यांची ऑर्डर दिली. व्यवहार फिसकटला. गडी कुठेच गेला नाही. भांडला नाही. बसला, वाट बघितली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रीमियर लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालक म्हणाले, "म्हैन्याचा हाय, वर्षाचा न्हाई."

मग युरोपा लीगमधली ती लिऑनविरुद्धची रात्र आली. १७ एप्रिल २०२५, आपल्याकडे तारीख बदललेली. दोन गोलांनी पुढे असलेलं युनायटेड जादा वेळेत ४–२ असं मागे पडलं. मालकांनी घरात कुणी उठू नये म्हणून मोबाईलचा आवाज बंद केला होता आणि ते मोरीजवळच्या स्टुलावर बसून बघत होते. मॅनेजरने दुसरं काही सुचेना म्हणून मॅग्वायरला, म्हणजे बचावपटूला, पुढे स्ट्रायकरच्या जागी धाडला. "आता ह्येच बघायचं ऱ्हायलं हुतं," असं मालक आपल्याशी पुटपुटल्याचं वहिनींनी नंतर सांगितलं, कारण त्या जाग्याच होत्या. ११४ व्या मिनिटाला ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी. १२० व्या मिनिटाला मेनूचा गोल. बरोबरी. आणि १२१ व्या मिनिटाला तेच ते डोकं, ज्याच्यावर पाच वर्षं विनोद झाले, हवेत सगळ्यांच्या वर उठलं. ५–४.

त्यानंतर मालकांनी काय केलं, याच्या तीन हकिकती आहेत. वहिनी म्हणतात, स्टूल मोडलं. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, त्यांना भूकंप वाटला आणि त्या पोथी घेऊन जिन्यात आल्या. मालक म्हणतात, काही झालं नाही, जरा खोकला आला. एवढं खरं, की पहाटे साडेतीनला ते 'मारिया' घालून गल्लीतून चालत तात्यांच्या घरी गेले आणि त्यांना झोपेतून उठवून मिठी मारली.

सकाळी कट्ट्यावर त्यांचा आवाज बसलेला होता. डोळे लाल. कुणी काही बोलायच्या आत सीएचं पोरगं म्हणालं, "मालक, आता तरी मॅग्वायर ठेवायचा ना?"

मालकांनी चहा खाली ठेवला. फार प्रेमाने त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"लेका, धंदा शिक," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आजच्यावानी भाव परत यायचा न्हाई. पयला ह्याला इका!"