फिस्टुलावाले अण्णा

प्रत्येक डायलिसिस सेंटरला एक अण्णा असतात. डॉक्टर बदलतात, टेक्निशियन बदलतात, एसी तर कायमच बिघडलेला. अण्णा मात्र पहिल्या शिफ्टला खिडकीजवळच्या बेडवर हजर. नोकरीत असताना बहुधा तहसिलीत अव्वल कारकून. आता चार्ज एकाच खात्याचा : स्वतःचा डावा हात.

त्या हातात फिस्टुला आहे. मनगटापाशी धमनी शिरेला शिवून जोडायची; धमनीतलं जोरकस रक्त शिरेत घुसतं, शीर फुगते आणि आठवड्यातून तीनदा दोन-दोन जाड सुया सोसण्याइतकी दणकट होते. ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली न्यूयॉर्कहून ही युक्ती जाहीर केली. अण्णा ती अशा थाटात सांगतात, की टाक्यांचा दोरा यांनीच पुरवला असावा. नवा पेशंट दिसला की त्याला सहाचा पाढा : "सहा आठवडे थांबायचं. शीर सहा मिलिमीटर रुंद हवी, कातडीखाली सहाच्या आत हवी, मिनिटाला सहाशे मिलिलिटर रक्त वाहायला हवं. म्हणा!" तो बिचारा अजून दिवसाला पाणी किती प्यायचं याच विवंचनेत.

सकाळी देवाला हात जोडण्याआधी अण्णांची उजवी बोटं डाव्या मनगटावर जातात. थरथर लागली की दिवस उजाडला. त्या हातावर बीपीचा पट्टा नाही, सुई-सलाईन नाही, भाजीची पिशवी नाही. जावयाने नमस्कारानंतर आपुलकीने हात धरला तर, "डावा सोडा, जावईबापू!"

मग सेंटरमध्ये चाकांवरचं सोनोग्राफी मशीन आलं आणि त्याच्याबरोबर भिंतीवर फलक : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. कायद्याने मशीनची नोंदणी आणि हा फलक लागतोच, मग तपासायचा तो सत्तरीतल्या गृहस्थाचा हात का असेना. अण्णांनी फलक दोनदा वाचला. "म्हणजे मला काय झालंय तेही सांगणार नाही?"

सोनोग्राफीवाल्या डॉक्टर मॅडमनी जेल लावून प्रोब टेकवला, जरा दाबला. पडद्यावरची शीर मिटली.

"अहो दाबू नका, बंद पडेल!"

"मिटतेय ते चांगलंच आहे, अण्णा. आत गुठळी असती तर मिटली नसती."

अण्णा गप्प. हे सेंटरमध्ये प्रथमच घडलं. रंग उमटले तसे पुन्हा सुरू झाले, "लाल ते शुद्ध, निळं ते अशुद्ध." मॅडम म्हणाल्या, रंग फक्त दिशा सांगतात, प्रोबकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. पुढच्या शिफ्टला हेच ज्ञान अण्णांनी शेजारच्या बेडवरच्या माझ्या मेव्हण्यांना स्वतःचं म्हणून दिलं.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. मधे काही दिवस ते सारखे सांगत होते, की थरथर कमी झालीय, नुसते ठोके लागतात. सुई काढल्यावर रक्तही लवकर थांबेना. मशीनवर व्हीनस प्रेशरचा अलार्म वाजे. टेक्निशियन सुई सरळ करून तो बंद करी. शेवटी मॅडमनी मनगटापासून वर दंडापर्यंत प्रोब फिरवला, तेव्हा वरच्या बाजूला शीर अरुंद झालेली सापडली. फुग्याने ती रुंद करून घेतली आणि फिस्टुला वाचला. "मशीनने माझ्या बोटाला दुजोरा दिला," असं अण्णा आता सर्वांना सांगतात. त्यात खोटं काहीच नाही, हीच पंचाईत आहे.

कारण आता त्यांना प्रत्येक सुईआधी सोनोग्राफी हवी असते. शीर नवी असेल, खोल असेल, आधीची सुई चुकून हात सुजला असेल, तर प्रोब घ्यावाच. पण अण्णांची शीर समोरच्या बेडवरूनही दिसते.

त्यांना भेटायचं तर मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहिली शिफ्ट. नारळपाणी मुळीच नेऊ नका, पोटॅशियमवर अर्धा तास ऐकावं लागेल. आणि बसायचं ते उजव्या बाजूला.