लेकाचं बाणेर, सुनेची बालेवाडी

आमच्या सोनाळ्यात घर घ्यावं लागत नाही, ते असतंच. फार तर जुनं पाडून स्लॅबचं करतात, नाहीतर भावाभावांत हिस्सेवाटणी होऊन ओट्याच्या मधोमध भिंत येते. त्यामुळे हिंजवडीत कंप्युटरवर असलेल्या चुलतभावाचा फोन आला की, "बाबा, बाणेरला घ्यायचं का बालेवाडीला, यावर आमचं जमून नाही राहिलं, तुम्हीच या," तेव्हा काकाजींनी आधी दोन्ही गावांमधलं अंतर विचारलं.

"अंतर नाहीच, लागून आहेत."

"मंग भांडण कायचं हाय?"

यावर तिकडून बराच वेळ कोणी बोललं नाही. मागे वहिनी भांडी आपटत होती तेवढं ऐकू आलं.

काकाजींना बोलावलं होतं ते केवळ वडीलधारे म्हणून नव्हे. पावणेतीन कोटींच्या घराला बँक कर्ज देणार होती, पण आधी भरायची रक्कम सातपुड्याच्या पायथ्याच्या संत्र्याच्या बगिच्यातून निघायची होती. दोन एकर विकायचे होते, आणि ज्याचा बगिचा त्याचं मत. काकू निघाल्या, कारण सुनेचं स्वयंपाकघर त्यांच्याशिवाय कोण पाहणार? आणि मी निघालो, कारण पुण्यात हिंदी लागतं अशी काकाजींची समजूत, आणि माझं हिंदी बऱ्हाणपूरच्या केळीच्या मंडीत तयार झालेलं.

वरवट बकाल, पूर्णेचा पूल, शेगाव. महाराजांचं दर्शन झालं, कचोऱ्या बांधून घेतल्या आणि दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. या गाडीत पुण्याच्या घराविषयी तोंड उघडू नये. मलकापूरला चढलेल्या गृहस्थाने वाकड घ्या म्हणून सांगितलं, कारण त्याचा जावई वाकडला. भुसावळच्या रिटायर गार्डने खराडीशिवाय पुण्यात काही उरलंच नाही असा निकाल दिला. चाळीसगावला चढलेल्या बाईंनी पिशवी वर ठेवता ठेवताच, "कुठंबी घ्या, पार्किंग दोन घ्या," असं बजावलं. मनमाड येईपर्यंत काकाजींपाशी सात गावं झाली होती, त्यात बाणेर किंवा बालेवाडी एकही नव्हतं. पुण्याला ही गाडी अशा वेळी उतरवते की त्याला रात्र म्हणावी तर चहावाले उठलेले आणि पहाट म्हणावी तर कुत्री झोपलेली. भाऊ गाडी घेऊन आला होता. वहिनी आली नव्हती. दोन्ही पक्षांनी साक्षीदाराला एकत्र भेटू नये, असं त्यांचं ठरलं असावं.

सकाळी आधी बाणेर. भावाची बाजू अशी की बाणेर हे जुनं, नाव असलेलं. टेकडी आहे, सकाळी फिरायला जाता येतं. बाणेश्वराचं लेणं आहे. ऑफिसात 'बाणेरला राहतो' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. रस्त्याच्या मधून मेट्रोचे खांब गेलेले आणि दोन्ही बाजूंना इतकी हॉटेलं की काकू म्हणाल्या, "अवो, इथल्या बाया रांधतात कधी?"

सेल्स ऑफिसात थंड हवा होती आणि काचेच्या पेटीत इमारतींचं मॉडेल होतं. टाय लावलेल्या मुलाने बटण दाबलं, चोविसाव्या मजल्यावरची इवलीशी निळी चौकट पेटली. तो स्विमिंग पूल होता. काकाजींनी वाकून पाहिलं. "शेततळं वर नेलं म्हणा ना," ते म्हणाले. मुलाने "एक्झॅक्टली सर" म्हटलं. मग कार्पेट एरिया निघाला: सोळाशे चाळीस चौरस फूट. काकाजींनी डोळे मिटून हिशोब केला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे त्यांना सातबाऱ्यासारखं पाठ.

"दीड गुंठा," डोळे उघडून ते म्हणाले. "दीड गुंठ्याले पावणेतीन कोटी. आन् जमीन मातर खालीच राह्यली."

मुलाने विषय सॅम्पल फ्लॅटकडे वळवला. सॅम्पल फ्लॅट पाहायला बूट काढून निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या पायांत घालतात. काकूंच्या पायात ती पिशवी जोडव्यांत अडकली आणि शेवटपर्यंत निघेना. आत पलंग होता, पण त्यावर काकाजी झोपले असते तर घोट्यापासून पुढे बाहेर आले असते. खोल्यांना दारं नव्हती. म्हणजे असतील, पण सॅम्पलमध्ये काढलेली होती, त्यामुळे घर ऐसपैस दिसतं. काकाजींनी भिंतीवर बोटाची टिचकी मारली, पोकळ आवाज आला. मग ते बाथरूममध्ये गेले. सोनेरी नळ होता, त्याची मान हंसासारखी वळवलेली. त्यांनी तो उघडला. थेंब नाही. उलट्या बाजूने फिरवला, तरी नाही.

"सर, सॅम्पल आहे, कनेक्शन दिलेलं नाही."

"समदं सॅम्पल ठेवलं," काकाजी म्हणाले, "पाण्याचंच नाई ठेवलं?"

हा विनोद होता असं समजून मुलगा हसला. तो विनोद नव्हता. आमच्या संग्रामपूर तालुक्याचा माणूस घरात शिरला की आधी रांजण पाहतो. पूर्णेकडचा सगळा भाग खारपाणपट्टा. बोअर मारली की खारं पाणी, ते पिऊन किडनी गेलेली माणसं गावोगाव. वान धरणाच्या पाण्याची 140 गावांची योजना आली तेव्हा कुठे कित्येक घरांत गोडं पाणी दिसलं. आमच्याकडे सोयरिकीला गेलेला माणूस मुलीचं शिक्षण विचारण्याआधी हळूच पाण्याचा पेला तोंडाला लावून बघतो. सोनेरी हंसाने त्याला फसवता येत नाही.

दुपारी बालेवाडी. आता वहिनी गाडीत पुढे बसली आणि भाऊ मागे, माझ्या आणि काकूंच्या मध्ये. बालेवाडी मला नावाने ठाऊक होती. आमच्या तालुक्यात कुणाचा पोरगा बालेवाडीला गेला म्हणजे तो राज्यावर खेळायला गेला. 1994 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथलं क्रीडासंकुल झालं, पुढे 2008 साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथे भरल्या. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे बालेवाडी म्हणजे धावणारी माणसं. प्रत्यक्षात तिथे सगळे बसलेले होते. हाय स्ट्रीट नावाच्या भागात रस्त्यावर खुर्च्या टाकून लोक दोनशे रुपयांची कॉफी पुढ्यात घेऊन, ती न पिता, लॅपटॉपकडे पाहत होते. वहिनीची बाजू अशी: रस्ते रुंद, इमारती नव्या, बाणेर रोडसारखी कोंडी नाही. शेवटचं वाक्य ती बोलली तेव्हा आम्ही सिग्नलला उभे होतो आणि तो तिसऱ्यांदा हिरवा झाला होता.

इथला सॅम्पल फ्लॅट तसाच. इथेही निळ्या पिशव्या, इथेही हंस. पूल सत्ताविसाव्या मजल्यावर, म्हणजे बाणेरपेक्षा तीन मजले जास्त. वहिनीने हे भावाकडे पाहून दोनदा म्हटलं. काकाजींनी गच्चीवरून पलीकडे बोट केलं.

"ते काय?"

"मुळा नदी, बाबा. रिव्हर व्ह्यू."

नदीवर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरली होती, पाणी कुठे दिसत नव्हतं. "बरं. आन् नळाले कोणतं पाणी येते?" सेल्सच्या मुलीने चोवीस तास, ट्रीटेड, सॉफ्ट वगैरे सांगितलं. काकाजी ऐकत होते, पण त्यांचं लक्ष खाली गेलं होतं. फाटकाशी एक टँकर मागे मागे येत होता आणि वॉचमन शिट्टी वाजवत होता.

ते लिफ्टने खाली गेले, मी मागोमाग. टँकरवाला धाराशिवकडचा होता. पाइप जोडून चाकापाशी उकिडवा बसला होता. काकाजीही त्याच्याशेजारी उकिडवे बसले, शेगावची एक कचोरी खिशातून काढली आणि पाच मिनिटांत त्यांना ते सगळं कळलं जे दोन सेल्स ऑफिसांत मिळून कळलं नव्हतं. सकाळी बाणेरला खेपा, दुपारनंतर बालेवाडीला. एकच टँकर, एकच भरणी. उन्हाळ्यात रांग लागते. कोणत्या सोसायटीला आधी, ते वॉचमन किती वेळ तिष्ठत ठेवतो त्यावर.

"आमच्याकडं पाणी न्हाई म्हणून गाव सोडलं," तो म्हणाला, "आन् हितं पाण्यावरच पोट भरतंय बघा."

यात त्याची अतिशयोक्ती नव्हती. बाणेर-बालेवाडी ही गावं 1997 साली महापालिकेत आली, पण पाणी इमारतींच्या मागून चालत राहिलं. 2016 साली तर मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईवरून या दोन्ही गावांतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या काही काळ थांबवल्या होत्या. न्यायालयाने दोन्ही गावांना एकाच ओळीत बसवलं होतं, आमच्या घरातच ती स्वतंत्र होती. काकाजींनी टँकरवाल्याचा नंबर लिहून घेतला आणि जाता जाता विचारलं, "ही गाडी नवी घ्यायची म्हटलं तं कितीले पडते?"

रात्री जेवणं झाल्यावर पंचायत बसली. भावाने टेकडी काढली, वहिनीने रुंद रस्ते. काकाजी म्हणाले की बगिचा विकून दोन टँकर घेतले तर दोन्ही गावं आपलीच होतात, घर भाड्याने घ्या. हे कोणी मनावर घेतलं नाही. मला वाटतं, घ्यायला हवं होतं.

मग भावाने खर्चाचा कागद काढला. बांधकाम चालू असलेलं घर, म्हणून जीएसटी पाच टक्के. मुद्रांक शुल्क सात टक्के. नोंदणी फी तीस हजार. काकाजी सातवर थांबले.

"सात? सरकारचा हिस्सा हाय का घरात?"

"बाईच्या नावावर घेतलं तर सहा," वहिनी सहज म्हणाली. इतक्या सहज की ते तिने आठवडाभर तोंडात धरून ठेवलेलं असावं.

"एक टक्का म्हंजे पावणेतीन लाख." काकाजींचा हिशोब तिच्या वाक्याच्या आधीच संपला होता. "मंग दोघांच्या नावावर घ्या."

"दोघांचं नको, बाबा. पुरुषाचं नाव लागलं की सवलत जाते."

भावाने मोबाइलवर खरंखोटं करून पाहिलं. खरं निघालं. पावणेतीन लाखांत सोनाळ्याला विहिरीचं बांधकाम होतं, असं काकू मध्येच म्हणाल्या. कर्ज दोघांचं, हप्ते मुख्यतः भावाचे, बगिचा काकाजींचा आणि नाव वहिनीचं, असं ठरायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"घर ज्याच्या नावावर, गाव बी त्याचंच," काकाजी म्हणाले आणि आडवे झाले.

बालेवाडी. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बुकिंगला गेलो तेव्हा तिथल्या मुलीने जाड, गुळगुळीत माहितीपत्रक पुढे ठेवलं. त्यावर टॉवरच्या नावाखाली सोनेरी अक्षरांत छापलं होतं: बाणेर, पुणे. करारनाम्याच्या मसुद्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: मौजे बालेवाडी, तालुका हवेली. बिल्डरला आमच्या घरातलं भांडण आधीच माहीत होतं, असं मी म्हणत नाही. पण अशी घरं त्याने बरीच पाहिली असणार. भावाने माहितीपत्रकाचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, वहिनीने शेवटच्या पानाचा तिच्या बहिणींच्या. दोघांनाही अभिनंदनं आली.

परत आल्यावर पारावर लोकांनी गाठलंच. पोराने घर घेतलं म्हणे, कुठे घेतलं?

"पोराले इचारलं तं बाणेर सांगते, सुनेले इचारलं तं बालेवाडी," काकाजी खिशातला चिठोरा चाचपत म्हणाले. "टँकरवाल्याचा नंबर देतो, त्याले इचारा. त्याले बराबर मालूम हाय."