थॉरची थकबाकी

आमचे साडू कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी आहेत. मिशी भरघोस, आवाज खर्जातला आणि मोटरसायकलच्या किल्लीला थॉरचा हातोडा. कर्जदाराच्या घरी गेले की आधी तो हातोडा टीपॉयवर ठेवायचा, मग पाणी मागायचं आणि मग सहकार कायद्यातल्या कलम 101 च्या कारवाईचा विषय काढायचा, असा त्यांचा शिरस्ता. निम्मे लोक हातोड्यालाच बिचकून हप्ता भरतात, असं ते सांगतात. त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं म्हणणं, लोक मिशीला बिचकतात.

सिनेमाचा हिशेबही ते याच खाक्यानं ठेवतात. 2008 मध्ये ‘आयर्न मॅन’ पाहिला तेव्हा त्यांनी मार्व्हलचं खातं उघडलं. हप्ते येत गेले. मधे एखादा चुकला, पण जुना खातेदार म्हणून साडूंनी सांभाळून घेतलं. 2019 च्या ‘एंडगेम’मध्ये मुद्दल, व्याज, दंडव्याज सगळं एकरकमी चुकतं झालं. साडू थिएटरात हुंदके देऊन रडले. शेजारच्या अनोळखी पोरानं त्यांना पाण्याची बाटली दिली. शहाण्या वसुली अधिकाऱ्यानं तिथंच बेबाकी दाखला देऊन फाइल बंद केली असती. साडूंनी नवं कर्ज मंजूर केलं.

2022 च्या 7 जुलैला ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ आपल्याकडे लागला. अमेरिकेच्या एक दिवस आधी. याचा साडूंना इतका अभिमान, की जणू ती तारीख त्यांनीच मिळवून आणली होती. मार्व्हलमध्ये चौथा स्वतंत्र सिनेमा मिळणारा पहिला गडी म्हणजे थॉर, हेही त्यांनी मला फोन करून कळवलं. मी सहज म्हणालो, “मीही बघेन म्हणतो.” पलीकडे शांतता पसरली. मग विचारणा झाली, “पाव्हणं, आधीचे किती बघितलेत?”

संध्याकाळी यादी आली. हा त्या मालिकेतला 29 वा सिनेमा. म्हणजे पूर्वतयारी 28 सिनेमांची. शेजारी शेरे होते : ‘आवश्यक’, ‘अत्यावश्यक’, ‘बघितला तर बघा’. 2013 च्या ‘डार्क वर्ल्ड’पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. थॉरचा तो दुसरा भाग त्यांच्या घरात वाटणीसारखा आहे, तो विषय जेवताना काढायचा नसतो.

पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला साडू सहकुटुंब गेले. सिनेमा संपल्यावर उठायचं नाही, हा कडक नियम. नावं सरकत राहतात, दिवे लागतात, झाडूवाला शेवटच्या रांगेपासून पॉपकॉर्न झाडत पुढे येतो आणि मिशीवाला एक गृहस्थ हातोडा मुठीत धरून बसलेला असतो. मेहुणी म्हणते, “ताक वाढल्याशिवाय पंगतीतनं उठत नाहीत, तसं आहे ह्यांचं.” त्या दिवशी ताक दोनदा वाढलं गेलं : एकदा हर्क्युलिस दिसला, एकदा स्वर्गाच्या दारात हेमडॉल. सगळ्यात शेवटी पाटी आली, की थॉर परत येणार. पोरगं केव्हाच झोपलं होतं.

साडूंचं खरं मत मला कळलं ते रविवारी, 10 तारखेला. आषाढी एकादशी होती. दोन वर्षांच्या कोरोनानंतर पायी वारी झाली होती, म्हणून सासूबाई पहाटेपासून टीव्हीसमोर हात जोडून बसल्या होत्या. आम्ही दोघे जावई खिचडीच्या बशा घेऊन सोप्यात.

“आवडला का?” मी विचारलं. चाहत्याला हा प्रश्न विचारू नये. आवडणं-नावडणं तुमच्या-माझ्यासारख्या तिकीट काढून जाणाऱ्यांचं. चाहत्याची तक्रार असते, आणि ती मुद्देसूद असते.

“आचारी तोच हो,” साडू म्हणाले. “दिग्दर्शक वायटिटी. 2017 ला ‘रॅग्नारॉक’ केला त्यानं, नाद खुळा! लोक हसले म्हणून ह्या वेळी रश्श्यात गूळच ओतला की. पुणेरी केला रस्सा.” इथं माझ्याकडे बघून त्यांनी खिचडीचा घास घेतला. “आणि भाषा बघा. हिंदीत आहे, तमिळ, तेलुगू, मल्याळम आहे, कन्नडमध्येसुद्धा आहे. मराठीत न्हाई. म्हणजे थॉर निपाणीपर्यंत आला आणि तिथनं माघारी फिरला.”

मग बोकडांचा मुद्दा निघाला. थॉरच्या जहाजाला दोन बोकड जुंपलेत आणि ते माणसासारखे किंचाळतात. पहिल्यांदा साडू हसले. दुसऱ्यांदाही हसले. तिथून पुढं त्यांनी मोजायला सुरुवात केली. पोराचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळत नव्हता आणि दोघांत तेव्हापासून अबोला होता.

“बोकड खरे आहेत बरं का,” ते मला समजावू लागले. “नॉर्स लोकांच्या जुन्या गोष्टींत आहेत. थॉर रात्री ते बोकड कापून खायचा, हाडं कातड्यावर गोळा करून ठेवायचा आणि सकाळी हातोडा फिरवला की बोकड पुन्हा उभे. एकदा एका पोरानं नळी फोडून आतली मज्जा खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी बोकड लंगडा उठला! ही गोष्ट दाखवायची सोडून नुसते किंचाळतात? कोल्हापुरात नळीची गोष्ट कळणार न्हाई व्हय? हे एवढं रसरशीत…”

“पांडुरंग, पांडुरंग!” टीव्हीसमोरून आवाज आला. “जावईबापू, एकादशी आहे.”

साडूंनी जीभ चावली. आवाज उतरवून ते खलनायकाकडे वळले. तो गॉर. वाळवंटात त्याची लेक तहानेनं मरते, तो आपल्या देवापुढे जाऊन रडतो आणि देव त्याला हसतो. म्हणून तो देव मारत सुटतो. काम करणारा ख्रिश्चन बेल, म्हणजे एके काळचा बॅटमन. “नाव देवांचा खाटीक,” साडू कुजबुजले, “आणि डोळ्यांदेखत मारलेले देव बोटांवर मोजावेत. मूळ कॉमिक 2012 पासूनचं, जेसन आरनचं. त्यात ह्या माणसाची दहशत काय, दरारा काय! इथं तो रडायला लागला की मधेच विनोद. थॉरची प्रेयसी जेन बिचारी कॅन्सरनं झिजतीय, तिथंही विनोद. आणि देवांचा दरबार भरलाय तिथं डंपलिंगांचा देव बसलाय, थेट उकडीचा मोदक!”

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. “लेकीसाठी गेला होता ना तो देवाकडं?”

“व्हय, आत्या.”

“आणि देव हसला?”

“हसला.”

“मग त्याचं चुकलं काय?” असं म्हणून त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.

साडू बराच वेळ बशीकडे बघत बसले. तीन दिवस त्यांना जे मांडता येत नव्हतं, ते म्हातारीनं सिनेमा न बघता सांगितलं होतं. ‘मग त्याचं चुकलं काय’ असं वाटायला लावणारं दुःख घरात आणायचं आणि त्याच्यापुढं बोकड नाचवायचे, एवढीच त्यांची तक्रार होती. तेवढ्यासाठी त्यांनी तो सिनेमा आणखी दोनदा बघितला. तक्रार पक्की करायला, असं ते म्हणाले.

पुढची दोन वर्षं लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याला घाटावर त्यांनी ती तक्रार ऐकवली. आणि 2024 मध्ये थॉरचं काम करणाऱ्या खुद्द ख्रिस हेम्सवर्थनं एका मुलाखतीत कबूल केलं, की त्या सिनेमात आपण ऐनवेळच्या गमतीजमतींत वाहवत गेलो आणि स्वतःचंच विडंबन होऊन बसलो. मी आनंदानं साडूंना फोन लावला. “घ्या! तुमचं म्हणणं खरं ठरलं.”

“त्यानं असं बोलायला नको होतं,” साडू थंडपणे म्हणाले.

“अहो, पण तुम्हीच तर…”

“आम्ही बोलू. आमचे पैसे गुंतलेत. त्यानं का बोलावं? आणि एवढा काय वाईट आहे ओ तो सिनेमा? काळ्यापांढऱ्यातली ती मारामारी बघा. जेन हातोड्याचे तुकडे भिरकावते ते बघा. गॉरची ती लहान पोरगी तर हेम्सवर्थची सख्खी लेक आहे, नाव इंडिया. आपलं नाव ठेवलंय पोरीला त्यानं, आणि तुम्ही त्याला नावं ठेवताय!”

मी गप्प बसलो. मागून कुठून तरी बोकडाची किंकाळी ऐकू आली.

“थांबा, दुसरा फोन वाजतोय,” साडू म्हणाले. परत आले तेव्हा सूर नरमला होता. “पाव्हणं, खातं थकलंय, मान्य. पण शेवटी पाटी बघितलीत न्हवं? परत येणार म्हणून त्यानं लेखी दिलंय.”