बास

पन्नाशीतल्या माणसाला सैल पडणाऱ्या गोष्टींची काळजी असते. दात, गुडघे, स्मरणशक्ती. आपोआप घट्ट होत जाते ती फक्त पँट. अशा वयात मी मात्र चेन्नईत बसून गिटारचा आवाज घट्ट कसा होईल या विवंचनेत दोन वर्षं घालवली, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण सांगतो.

मैलापुरात कपालीश्वराच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर आमचं तळमजल्याचं घर आहे. तिथल्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात मी सेकंड हँड घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर ठेवला होता. पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. हल्लीची मुलं ट्यूब म्हणतात. मी व्हॉल्व्हच म्हणतो, कारण आजोबांचा रेडिओ व्हॉल्व्हचा होता. बटण फिरवलं की आधी त्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, घसा साफ केल्यासारखी खरखर व्हायची आणि मगच बातम्या यायच्या. त्या रेडिओत आवाज जरा जरी फाटला की आजोबा पाठीत चापट मारायचे, रेडिओच्या आणि कधी कधी माझ्याही. गिटारवाल्यांचं सगळं उलटं. आवाज फाटावा म्हणून ते पैसे मोजतात.

फाटण्याची गंमत अशी की गिटारचा इवलासा आवाज अंगठ्याएवढ्या ईसीसी ८३ व्हॉल्व्हमध्ये शिरतो, फुगतो, दुसऱ्यात शिरतो, आणखी फुगतो. शेवटी काचेत मावेनासा झाला की त्याची टोकं घासली जातात. नीट घासली गेली तर आवाजाला धार आणि जाडी एकदम येते. तळव्याची कड तारांवर टेकवून जाड तार छेडली, की खलबत्त्यात वेलदोडा कुटल्यासारखा ठोका पडायला हवा. माझ्याकडे पडत होता तो साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा. एक ठोका संपायच्या आत दुसरा त्यावर जाऊन बसायचा आणि सगळ्याचा गिचका व्हायचा.

उपाय म्हणून मी प्रथम बास कमी केला. शहाणी माणसं ‘बेस’ म्हणतात, पण आम्ही टेपरेकॉर्डरच्या बटणाखालची अक्षरं वाचून इंग्रजी शिकलेले, त्यामुळे आमच्या घरी तो बासच. बास शून्यावर आणला तर गोळा तसाच राहिला, फक्त रोडावला. मग मी माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटला गेलो. पुण्याच्या तपकीर गल्लीची ही थोरली बहीण. केबल, कपॅसिटर, कॅमेरे आणि माणसं एकमेकांत विणलेली. तिथून व्हॉल्व्ह आणून बदलले. आवाज होता तसाच राहिला, पण आता तो महाग वाटू लागला.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे मामा खाली आले. मामा मृदंग शिकवतात. घराणं तंजावरचं मराठी. एकोजीराजे १६७०च्या दशकात तिकडे गेले, त्यानंतर केव्हातरी यांचे पूर्वज गेले आणि १८५५ साली राज्य संपलं तरी परतायचं राहून गेलं. घरात अजून मराठी बोलतात. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझं बोलणं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “तुमची मराठी फार नवी दिसते.”

त्या संध्याकाळी मला वाटलं, तक्रार आली. मी घाईघाईने अ‍ॅम्प बंद करू लागलो. मामांनी हाताने थांबवलं. “वाजवा, वाजवा. आमच्या सरफोजीराजांनी तंजावरात विलायती बँड ठेवला होता. व्हायोलिन तरी कुठे आमचं? बालुस्वामी दीक्षितांनी उचललं आणि आता त्याच्यावाचून कचेरी, म्हणजे मैफल, होत नाही. श्रीनिवासने विजेच्या मँडोलिनवर त्यागराजांच्या कृती वाजवल्या. तुमचंही काहीतरी होईल.” मी वाजवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, पण चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. “उजवी बाजू ठीक,” ते म्हणाले, “डावी फार ओली आहे.” आणि वर निघून गेले.

हे वाक्य मी तंजावरी मराठीच्या खात्यावर टाकून दिलं.

मग २०२३चा डिसेंबर आला आणि मिचाँग वादळ. ३ तारखेच्या रात्रीपासून जो पाऊस लागला तो थांबेना. ४ला सकाळी पाणी आमच्या उंबऱ्याला टेकलं. बायकोने तांदूळ, रेशनकार्ड आणि मुलीची सर्टिफिकिटं माळ्यावर टाकली. मी अ‍ॅम्प उचलला. कोपऱ्यातल्या भिंतीला ओल आली होती म्हणून तो खोलीच्या मध्यभागी ओढला आणि उंच लाकडी स्टुलावर चढवला. “संसार वाचवलास,” एवढंच ती म्हणाली. वीज गेली. पाणी उंबऱ्यावरच रेंगाळलं आणि उतरलं. अंधारात बसून आम्ही तीन दिवस मेणबत्त्या आणि शेजाऱ्यांचं रसम यांवर काढले.

वीज आली त्या संध्याकाळी, अ‍ॅम्प भिजला नाही ना हे बघायला मी तो स्टुलावरच चालू केला. तार छेडली आणि चमकलो. गोळ्यातून दाणे सुटू लागले होते.

कारण साधंच आहे. खालचे सूर जमिनीच्या आणि भिंतींच्या आधाराने फुगतात. कोपऱ्यात दोन भिंती आणि एक जमीन अशी तिघं मिळून त्यांना डोक्यावर घेतात. आधार काढला की ते शहाण्यासारखे वागतात. दोन वर्षं मी अ‍ॅम्पच्या पोटात शोधत होतो, आणि निम्मा दोष बैठकीत होता.

उरलेला निम्मा मामांनी काढला. मार्गळी, म्हणजे इथला मैफलींचा महिना, सुरू झाली होती. गावभर सभांमधून कचेऱ्या आणि कॅन्टीनमधून डोसे. मामांची एका छोट्या सभेत साथ होती, मी पिशवी धरायला गेलो. कचेरीआधी त्यांनी डबीतून रवा काढला, पाण्याचे थेंब टाकत मळला आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापला. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात तसाच. थाप दिली. घुमला. मला तर सुरेख वाटला. मामांनी मान हलवली आणि नखाने चिमूटभर रवा काढला. थाप. आणखी चिमूट. थाप. तिसऱ्या चिमटीला तो घुमार असा आवरला गेला, की उठला आणि जागच्या जागी मिटला. “जास्त झाला तर बोलायला लागतो ते थांबतच नाही,” मामा म्हणाले. “वाजवायला लागल्यावर हाताने किती आवरणार? आधीच काढायचा.”

आधीच! मी भर सभेत कपाळाला हात लावला. माझ्या अ‍ॅम्पमध्ये बासचं बटण येतं ते आवाज फाटून झाल्यावर. म्हणजे मी खारट झालेल्या आमटीत पाणी ओतत होतो. जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा, आणि तारेची सगळ्यात मोठी हालचाल त्याचीच. तो आडदांडासारखा व्हॉल्व्हवर आदळला, की दोन व्हॉल्व्हमधला कपॅसिटर नको इतका भरतो, आणि तो रिकामा होईपर्यंत पुढचा व्हॉल्व्ह क्षणभर गुदमरतो. माझा दुसरा ठोका नेमका त्याच क्षणी येऊन पडत होता. आडदांडांना दाराबाहेरच थोपवायला हवं होतं. अ‍ॅम्प बनवणारे हे पूर्वीपासून करत आले आहेत. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर काही जण २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवतात, तर मार्शलवाल्यांनी त्या जागी ०.६८चा बसवून खालचे सूर तिथेच रोडावले. पण अ‍ॅम्प उघडून हात घालण्याची माझी छाती नव्हती. आत ३००च्या वर व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. घरात आधीच मला ‘संसार वाचवणारा’ म्हणत होते.

त्यापेक्षा एक हिरवा डबा बरा. इबानेझचा ट्यूब स्क्रीमर, १९७०च्या दशकाच्या अखेरीचं डिझाइन. आवाज फाडण्यासाठी विकतात, पण जाणते लोक त्याचं फाडण्याचं बटण शून्यावर आणि आवाजाचं पूर्ण ठेवतात. ७२० हर्ट्झच्या खालचं तो हळूहळू उतरवत नेतो आणि उरलेलं जोरात पुढे ढकलतो. विजेवर चालणारं रवा काढायचं नख म्हणा ना. तो मी गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे लावला आणि अ‍ॅम्पचा गेन नवावरून पाचावर आणला. तो पाचावर आणताना, खरं सांगतो, पगार कापल्यासारखं वाटलं. पण तार छेडली, आणि ठक्. वेलदोडा फुटला.

मी तासभर फोडत राहिलो. वेलदोडे संपून जायफळावर आलो होतो, तेव्हा दारात मामा उभे दिसले. कधी आले कळलंच नाही. डोळे मिटलेले, बोटं दारावर ठेका धरून. मी एका दमात आणखी चार आवर्तनं वाजवली आणि बक्षिसाची वाट पाहणाऱ्या पोरासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

पानावर बसलेला माणूस वाढप्यापुढे आडवा हात धरतो, तसा मामांनी हात धरला.

“बास,” ते म्हणाले.

मी बासचं बटण शून्यावर नेलं आणि पुन्हा वाजवायला घेतलं. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि तमिळमध्ये तिला काहीतरी सांगून वर निघून गेले. काय म्हणाले, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.