युनोसचं औषधपाणी

मराठी घरात दोनच माणसं मावतील अशी मोटार घेणं म्हणजे जवळजवळ वाटणीचा दावा लावण्यासारखं आहे. एका स्कूटरवर चौघं आणि भाजीची पिशवी बसवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना चार चाकं आणि दोन जागा हे गणित पटत नाही. मिरजेहून आईने फोनवर विचारलं, "आणि बाकीचे कुठे बसणार?" लेस्टरच्या घरात मी आणि बायको दोघंच. बाकीचे म्हणजे कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अण्णांनी फक्त साल विचारलं. १९९१, म्हटलं. "म्हणजे आपल्या फियाटपेक्षा लहानच की," असं म्हणून त्यांनी गाडी घरात घेतली. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीला पद्मिनी म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत तरी नव्हता.

माझ्या गाडीचं नाव युनोस रोडस्टर. माझदाची एमएक्स-५ जगाने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पाहिली. तीच गाडी जपानात युनोस या नावाने विकली जाई. हिरोशिमात तयार झालेली, तिकडच्या कोणा अनोळखी मालकाने नीट वापरलेली आणि मग जहाजात बसून इंग्लंडला आलेली. जपानी लोकही आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, त्यामुळे स्टिअरिंग हवं तिथेच होतं. शिवाय तिकडे दर दोन वर्षांनी जी सरकारी तपासणी होते तिचा खर्च एवढा, की जुनी पण धडधाकट गाडी पुढे वापरण्यापेक्षा विकून मोकळं होणं अनेकांना परवडतं. त्यांची अडचण, आमची चंगळ.

गंमत अशी की ही कल्पना मुळात इंग्रजांचीच. बिनटपाची, हलकी, दोन जागांची, खिशाला झेपणारी गाडी इंग्लंडने वर्षानुवर्षं केली. ती दिसायची देखणी, तेल मात्र गळायचंच, आणि पावसात सुरू होईल की नाही हे तिच्या मनावर. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९च्या सुमारास माझदाच्या केनिची यामामोटो यांच्यापुढे विषय काढला, की असल्या गाड्या आता संपत चालल्या आहेत, तुम्ही का करत नाही? पुढच्याच वर्षी ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला. जपान्यांनी लोटसची जुनी एलान नीट निरखली, तिचं रूप आणि स्वभाव घेतला, आणि तेलगळती तेवढी इंग्लंडातच ठेवली. माझे शेजारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी, तरुणपणी एमजीवाले. ते रोज सकाळी माझ्या गाडीखाली वाकून फरशी कोरडी आहे हे बघतात आणि नाराज होऊन आत जातात.

जुनी आयात गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं ते हे, की आपण गाडीचे दुसरे नव्हे, सहावे-सातवे मालक आहोत, आणि आधीचे सगळे अजून गाडीत बसलेले आहेत. रेडिओच घ्या. गाडी तयार झाली तेव्हा जपानातलं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होतं. इंग्लंडात बीबीसीचा रेडिओ टू ८८ला सुरू होतो आणि रेडिओ फोर ९२च्या पुढे. म्हणजे माझ्या गाडीत गाणी लागतात, बातम्या लागत नाहीत. ही सोय मी मुद्दाम करवून घेतली असं काही मित्रांना वाटतं. मागच्या बंपरखाली एक लाल दिवा दोन स्क्रूंवर लोंबतो. धुक्यासाठी मागे असा दिवा इंग्लंडात लागतोच, जपानात लागत नव्हता, म्हणून बंदरावर उतरल्यावर कोणीतरी तो घाईने ठोकला. इतक्या डौलदार पाठीमागे इतका केविलवाणा दिवा मी दुसरा पाहिलेला नाही.

पण खरी कमाल किलोमीटरच्या आकड्याची. जपानात असताना आकडा किलोमीटरमध्ये धावला. इथे आल्यावर वेगाचा काटा मैलांत दाखवायला हवा म्हणून कोणीतरी आत एक छोटा परिवर्तक बसवला, आणि त्या दिवसापासून तोच आकडा मैलांत पुढे सरकू लागला. आज डॅशबोर्डवर जी संख्या दिसते ती किलोमीटर आणि मैल यांची सरळ बेरीज आहे. चौथीच्या मास्तरांनी यासाठी पट्टी उगारली असती. गाडी एकूण किती चालली हे आता जपान आणि इंग्लंड या दोघांनी एकत्र बसल्याशिवाय ठरणार नाही.

यावर उतारा आहे तो सरकारी. इंग्लंडात तीन वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी पास व्हावी लागते, आणि २००५नंतरचे तिचे निकाल गाडीचा नंबर टाकला की कुणालाही बघता येतात. मी एका रात्री ते वाचत बसलो. पुढचा डावा टायर झिजत आला आहे. हँडब्रेक एका चाकावर कमी पकडतो. उजव्या दाराखालच्या पत्र्याला गंज सुरू. पुढच्या वर्षी: गंज वाढला. त्यापुढच्या वर्षी: नापास. चार दिवसांनी: पास. त्या चार दिवसांत कोणी काय वेल्डिंग केलं, कितीला केलं, घरी काय सांगितलं, हे तिथे लिहिलेलं नसतं. पण एका मालकाचा दम कधी संपला ते कळतं. नापास होऊन लगेच पास, आणि पुढच्या वर्षी गाव बदललेलं.

गंज हा या गाडीचा जन्मजात आजार. त्याची हकीकत सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण त्यात गाडीचा दोष थोडा आणि पानगळीचा जास्त. कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या बाजूला एका पन्हळीत उतरतं, तिथून सीटांच्या मागे दोन्ही अंगांना असलेल्या नळ्यांतून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. ही नळी पानांनी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग झकास, बोट दाबलं की बोट आत. त्यात इंग्लंडात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. जपानात जिथे बर्फ पडत नाही तिथल्या गाडीला खालून जाड संरक्षक लेप नसतो. पहिली दहा-बारा वर्षं मीठ न चाखलेल्या पत्र्याला इथलं मीठ झोंबतं.

माझे गॅरेजवाले भाई मूळचे कंपाल्याचे. इदी अमीनने १९७२ साली आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरला आलेल्या हजारो गुजराती कुटुंबांपैकी एक त्यांचं. त्यांच्याकडे एक प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी आहे. गाडी लिफ्टवर चढली की ते एंजिनाकडे बघतसुद्धा नाहीत; दाराखालच्या पत्र्यावर पुढून मागे ठोकत जातात. टण, टण, टण, आणि मग एक ठप. जिथे ठप येतं तिथे खडूची खूण. "भाऊ, एन्जिन तो चलेगा," ते म्हणाले, "पतरे का बोलो."

मग त्यांनी गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घेतली. तार घातली तर नळी फाटते, ही दोरी वळते. सीटमागचा गालिचा उचलून ती नळीत सरकवली, पुढेमागे केली. आधी काहीच झालं नाही. मग खालून एक काळपट गोळा पडला, त्यामागून तपकिरी पाणी, आणि मग पानं. पानं कसली, पानांच्या शिरा फक्त. भाईंनी वरून पेलाभर पाणी ओतलं आणि ते खाली स्वच्छ पडल्यावर वेल्डिंगच्या भावाची बोलणी सुरू केली. पत्रा कापून नवा जोडला, आत पातळ मेण फवारलं. आता लेस्टरमध्ये पाऊस पडला की मी गाडीचं टप बघत नाही, खाली वाकून पाणी पडतंय का ते बघतो. त्यामुळे शेजाऱ्यांशी दोस्ती वाढली. सकाळी आम्ही दोघंही वाकलेले असतो.

तेल बदलणं मात्र मी घरी करतो, अण्णांच्या देखरेखीखाली. व्हिडिओ कॉलवर ते मिरजेत चहा घेऊन बसतात. या गाडीचा ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा सांदीत बसवलाय की तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त हाताला लागतो. हात कोपरापर्यंत घालायचा, गरम पाइपांना न शिवता फिल्टर फिरवायचा, आणि तो सुटला की आतलं तेल मनगटावरून थेट बाहीत. दर वेळी. मग अण्णा म्हणतात, "थेंब दाखव." जुन्या तेलाचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकायचा आणि थांबायचं. मधे काळा ठिपका, भोवती फिकट कडं. कडं नीट पसरलं तर तेलात अजून जीव होता. काळा गोळा तसाच बसला तर उशीर केलास. पद्मिनीच्या काळात हा थेंब दर रविवारी ‘सकाळ’च्या कडेवर पडायचा. इथल्या वर्तमानपत्राचा कागद त्यांच्या मते भिकार आहे, त्यामुळे निकाल राखून ठेवला जातो.

सकाळी गार एंजिन सुरू केलं की ते थोडा वेळ टिकटिकतं. व्हॉल्व्हचा खुळखुळा तेलाच्या दाबावर आपोआप बंद होण्याची व्यवस्था आत असते, तिच्यात तेल पोचेपर्यंतचा हा आवाज. पहिल्यांदा ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. आता टिकटिक आली नाही तर येतो. टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलावा म्हणतात. पण कुठल्या एक लाखाला? बेरजेच्या आकड्याकडे बघून भाई हसले आणि बेल्ट, वॉटर पंप दोन्ही नवं घातलं. या १६०० सीसी एंजिनाचा एक मोठेपणा: बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटत नाही. गाडी रस्त्यात उभी राहते, पण आत कुणाचा जीव जात नाही.

आणि पापण्या. दिवे लावले की बॉनेटमधून दोन दिवे उठून उभे राहतात. त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र मोटरी. एक दमली की एकच डोळा उघडतो. महिनाभर माझी गाडी सगळ्या लेस्टरला डोळा मारत हिंडत होती. बॉनेट उघडून मोटरीवरची रबरी टोपी काढायची आणि आतली गुंडी हाताने फिरवत राहायची, मग दुसरा दिवा हळूहळू वर येतो. भर ट्रॅफिकमध्ये हे केलं की मागचा हॉर्न वाजवत नाही, फोटो काढतो.

आता अपग्रेड. हा शब्द उच्चारताच पुण्याचा माझा एक मित्र खुर्ची पुढे ओढतो. गणपतीत भेटला की त्याचं एकच: टर्बो. मूळ गाडी १२० अश्वशक्तीची. सिग्नलला एखादी साधी फॅमिली हॅचबॅकही मला मागे टाकते आणि आतली पोरं टाटा करतात. तेव्हा मित्राचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. पण गाडीत आधीच कुणीतरी भरपूर सुधारणा करून ठेवल्या होत्या. स्प्रिंगा कापून गाडी बसकी केलेली, मोठी जड चाकं, डब्याएवढा सायलेन्सर, आणि एंजिनाची गरम हवा ओढणारा एक शंकूसारखा एअर फिल्टर. गतिरोधक आला की मणक्यातून कळायचं. पहिल्या एमएक्स-५ची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते तोशिहिको हिराई आणि त्यांची माणसं एकेक किलोसाठी झगडली. बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास बसवली. आणि नॉरफोकमधल्या कुठल्या तरी तरुणाने एका रविवारी तीत चार जडशीळ चाकं घातली. त्याचाही राग नाही, वय असतं.

म्हणून माझी सुधारणा उलट्या दिशेने चालली. १४ इंची मूळ चाकं शोधली, १८५चे टायर घातले. मूळ उंचीच्या स्प्रिंगा, नवे शॉकॲब्सॉर्बर. आणि सगळ्यात मोठं काम बुशांचं. चारही चाकांना दुहेरी विशबोन, प्रत्येक सांध्यात रबराचा बुश, आणि तीस वर्षांत त्या रबराचं लाकूड झालेलं. भाईंनी एकेक दाबून बाहेर काढला. काही हातात आल्यावर चुरले. नवे बसवून अलाइनमेंट केल्यावर गाडी अशी वळायला लागली की लेस्टरबाहेरच्या अरुंद, कुंपणं असलेल्या रस्त्यांवर मी विनाकारण दूध आणायला जाऊ लागलो. पुण्याच्या मित्राने उत्सुकतेने विचारलं, "मग शेवटी काय टाकलंस?" म्हटलं, "रबर." तो आरतीला उठून गेला.

गाडी मिरजेला आणावी अशी अण्णांची इच्छा आहे. भारतात परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, हे मी त्यांना समजावलं. "मग तीन वर्षांची असताना का नाही घेतलीस?" अण्णांचा हिशेब बरोबर आहे. तेव्हा मी मिरजेत चौथीत होतो.

परवा विम्याचं नूतनीकरण आलं. इथे गाडीत कारखान्याबाहेरचा कुठलाही बदल केला तर तो विमा कंपनीला सांगावा लागतो, नाहीतर वेळेला पैसे मिळत नाहीत. फोनवरच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "चाकं बदललीत?" हो, मूळची घातली. "सस्पेन्शन?" मूळचं. "एक्झॉस्ट?" तोही मूळचा. "म्हणजे तुम्ही गाडीला काहीच केलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं. फोन स्पीकरवर होता. शेजारी बायको भाईंच्या पावत्या तारखेप्रमाणे फाइलला लावत होती. तिने मान वर केली, फाइलची जाडी बोटांत मोजली, आणि म्हणाली, "अजून एकदा विचार त्यांना."