काळ्या मण्यांची कार्टी

उपनगरातली गॉथ मुलगी जगाला घाबरवायला निघालेली असते, पण तिच्याइतकी गृहकृत्यदक्ष मुलगी सबंध सोसायटीत दुसरी सापडणार नाही. गळ्यात मखमली चोकर, बोटांत कवट्या, डोळ्यांभोवती डबीभर काजळ असा अवतार लिफ्टमध्ये शिरला की तिसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. त्यांनी त्या चोकरची उलटी बाजू पाहायला हवी. टाके एकसारखे, कडा दुमडून शिवलेल्या. शर्टाचं बटण तुटलं की नवा शर्ट मागवणाऱ्या पिढीत ही एकटी सुईत दोरा ओवते. हुक ब्लाउजचे, लेस जुन्या परकराची, साखळी फाटक्या पर्सची आणि मणी भुलेश्वरहून घासाघीस करून आणलेले. रुखवतासाठी मण्यांची तोरणं करणाऱ्या आजीचाच हा वारसा. तिच्या तोरणावर पोपट होते, इथे वटवाघळं आहेत, इतकंच.

‘हे सगळं परदेशी खूळ’ ही नेहमीची तक्रार. खूळ परदेशी आहेच. 1861 मध्ये नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने जन्मभर काळं धरलं आणि तिच्या देशात सुतकी दागिन्यांची फॅशन फोफावली. 1982 मध्ये लंडनच्या बॅटकेव्ह क्लबातल्या पोरांनी तीच हौस जाळीदार मोजे फाडून नव्याने भागवली. पण त्याच राणीच्या नावाने बांधलेल्या गॉथिक स्टेशनात मुलुंडचा माणूस रोज उतरतो, त्याला कुणी बाटलेला म्हणत नाही. (बोरिवलीची गॉथ या बाबतीत अभागी. तिच्या लोकलच्या टोकाला चर्चगेट येतं.) शिवाय गळ्याशी घट्ट बसणारी वज्रटीक, बाळाच्या गालावरची तीट, नव्या बांधकामावर टांगलेली काळी बाहुली हे सगळं चालवून घेणाऱ्यांनी चोकरला दचकायचं काही कारण नाही. मे महिन्याच्या घामात काळं कशाला, हा प्रश्न तर आधी काळा कोट घालणाऱ्या वकिलांना विचारावा.

‘मालाडला इमिटेशनचे ढीग पडलेत, विकत घे ना!’ हा आक्षेप जरा वजनदार. पण विकतचा काळेपणा सगळ्यांचा सारखाच असतो आणि हिला तो स्वतः आणायचा असतो. तुटक्या पैंजणाच्या चांदीच्या कड्या नुकत्याच उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात बंद केल्या की अंड्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. खरी भयकथा इथून सुरू होते. घाटकोपरच्या शाकाहारी सोसायटीत कवटी चालते, वटवाघूळ चालतं, अंडं चालत नाही. ते जिन्यावरून वर नेताना ती जी गुप्तता पाळते ती ड्रॅक्युलालाही जमली नसती, आणि डबा उघडल्यावर सुटणाऱ्या वासाला तर कुठलीच सबब पुरत नाही.

उरली नातेवाइकांची आशा: लग्न झालं की काळं सुटेल. ही मंडळी जरा घाईत बोलतात. लग्नात तेच तिच्या गळ्यात काळे मणी बांधणार, पहिल्या संक्रांतीला तेच काळी साडी नेसवणार आणि काळ्या कापडावर हलवा शिवून केलेले दागिने घालून तिचे फोटो काढणार. त्या दागिन्यांची ऑर्डर बाहेर द्यायचं कारण नाही. घरात कारागीर आहेच. फक्त बाजूबंदावर हलव्याची कवटी आली तर सासूबाईंनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते फूल आहे म्हणून सांगावं.