आधी दार तर उघडा

भाद्रपदी पौर्णिमा आली की देपालपूर काय, उज्जैन काय, माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे देवीची आकृती, मांडतात, ती फुलापानांनी सजवतात. सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी एकमेकींच्या घरी जायचं, गाणी म्हणायची, आरती करायची, प्रसाद घ्यायचा. आणि दरवर्षी मोठ्यांची तीच कुरकुर: हल्लीच्या पोरांना रीतभात नाही.

खरंच नाही?

प्रसाद हातात पडण्याआधी तो ओळखावा लागतो. घरातली बाई झाकलेला डबा हलवते. खुळखुळलं तर फुटाणे. नाहीच वाजलं तर? गोड का तिखट? पांढरं का पिवळं? नाव बरोबर येईपर्यंत झाकण उघडत नाही आणि एकही हात पुढे येत नाही. लग्नाच्या बुफेत आपण इतका धीर धरतो?

आपला भोंडला तसाच, खानदेशातली भुलाबाई तशीच. गाणी आधी, खाऊ नंतर, तोही ओळखल्यावर. मुलांची रीत पक्की आहे.

मोडतात ते घरवाले.

डब्यात काय, तर पाच रुपयांचं चॉकलेट. आता मुलींनी ओळखायचं काय, कंपनी?

‘भिंतीचा रंग जातो’ म्हणून बाजारातून छापील कागदी संजा आणतात. ठीक आहे, भाड्याच्या घरात शेण कुठे थापणार? पण गाणी तरी पुरी होऊ द्या! दुसऱ्याच गाण्याला ‘आटपा गं लवकर’ सुरू होतं. नाहीतर मोबाइल पुढे करून तेच गाणं तिसऱ्यांदा म्हणायला लावतात. चित्रण होतं, आरती राहते.

काही घरी दारच उघडत नाही. आतून टीव्ही ऐकू येतो, बाहेर मुली उभ्या. नाही जमत एखाद्या दिवशी, तर दार उघडून तसं सांगावं. एवढंही होत नाही?

याच देपालपूर तालुक्यात गौतमपुरा आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे पेटती हिंगोटं, म्हणजे दारू भरलेली फळं, एकमेकांवर फेकतात. ते फेकणारेसुद्धा आधी देवनारायणाच्या देवळात माथा टेकतात. आपल्याला दारातल्या मुलींना ‘या’ म्हणवत नाही.

आणि तो प्रश्न. ‘कुणाची गं तू? आडनाव काय?’

आडनाव ऐकून प्रसाद हातावर ठेवायचा की वरून टाकायचा, हे ठरवणारी माणसं अजून आहेत. आठ वर्षांच्या मुलीला तो फरक कळतो. तिथल्या तिथे कळतो. तिला रीतभात शिकवायला निघालेल्यांनी आधी स्वतःचा हात खाली आणावा.

मुलांना सांगायचंच असेल तर एवढं सांगा: घंटी एकदाच वाजवा, द्रोण पायरीवर टाकू नका. दोन मिनिटांत संपतं.

बाकी यंदा डबा झाकून ठेवा, आत घरचं काही असू द्या. आणि मुलींच्या मागे दाराशी घुटमळणाऱ्या धाकट्या भावालाही बोलवा. गाणं येत नसलं तरी वास घेऊन पदार्थ ओळखणारा बहुधा तोच असतो.